रंजनप्रधान साहसकथेतील खलनायककन्या : फाह लो सुई या पात्राच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय साहसकथेची समीक्षा बहुधा नायक आणि खलनायक या दोन पात्रांभोवतीच फिरत राहते. नायकाचे शौर्य, खलनायकाचे कपट, त्यांच्यातील बुद्धिबळ आणि अखेरचा न्यायनिवाडा या घटकांचे विवेचन पुष्कळ होते. या दोघांच्या मध्ये वारंवार उभ्या राहणाऱ्या एका तिसऱ्या पात्राकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. ते पात्र म्हणजे खलनायकाची मुलगी. ती पित्याच्या घरात वाढलेली असते, तेथील गुप्त दारे आणि विषांचे उतारे तिला ठाऊक असतात. बंदी नायकाला ती पाहते, त्याच्यावर अनुरक्त होते आणि पित्याशी निष्ठा की नायकाचा जीव, असा पेच तिच्यापुढे उभा राहतो.

१८९६ मध्ये फ्रँक मन्सी यांनी ‘आर्गसी’ हे मासिक लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदावर केवळ कथांसाठी छापण्यास आरंभ केला. अशा कागदावरून या वाङ्मयाला ‘पल्प’ हे नाव मिळाले. पुढे ही संज्ञा कागदापुरती मर्यादित न राहता वेगवान, घटनाप्रधान आणि साचेबंद कथनाच्या एका संपूर्ण प्रकाराला लागू झाली. सॅक्स रोमर यांच्या फू मांचू कथांपैकी काही ‘कॉलियर्स’सारख्या गुळगुळीत कागदावरच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्या असल्या, तरी रचनेच्या दृष्टीने त्या याच प्रकारात मोडतात. फू मांचूची कन्या फाह लो सुई हे या प्रकारातील खलनायककन्येचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

खलनायककन्या हे केवळ मोहिनी घालणाऱ्या स्त्रीचे एक रूप आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात यापेक्षा वेगळे प्रतिपादन केले आहे. दुष्टपणा रक्तातून येतो या गृहीतावर ज्या कथा उभ्या असतात, त्या कथांमध्ये खलनायककन्या ही त्या गृहीताचे जिवंत खंडन असते. म्हणूनच कथेला तिची गरज भासते आणि त्याच कारणाने कथेला तिची विल्हेवाटही लावावी लागते, असे येथे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

कथाबीजाची पूर्वपीठिका

हे पात्र विसाव्या शतकाने निर्माण केलेले नाही. लोककथांच्या आशयघटकांची सूची सिद्ध करणाऱ्या स्टिथ थॉम्प्सन यांनी राक्षसाच्या मुलीकडून नायकाला मिळणारे साहाय्य हा स्वतंत्र आशयघटक म्हणून नोंदवला आहे. ग्रीक पुराणकथेतील मीडिया ही कोल्किसचा राजा आयेटीस याची मुलगी. तिच्या मंत्रौषधीवाचून जेसनला सोनेरी लोकर मिळणे शक्य नव्हते. मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यात सारासेन अमीर बालान याची कन्या फ्लोरिपास बंदी फ्रेंच सरदारांना आश्रय देते, पुढे बाप्तिस्मा घेते आणि बर्गंडीच्या गीची पत्नी होते. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील शायलॉकची मुलगी जेसिका पित्याचे धन घेऊन लोरेंझोबरोबर पळते आणि ख्रिस्ती होते.

या तिन्ही उदाहरणांत शत्रुपक्षाची कन्या नायकपक्षात येते. मात्र तिच्या येण्याची अट प्रत्येक वेळी निराळी आहे. फ्लोरिपास आणि जेसिका यांच्यासाठी ती अट धर्मांतराची आहे. तेथे भेद श्रद्धेचा असल्याने तो ओलांडता येतो आणि विवाह हा त्या ओलांडण्याचा पुरावा ठरतो. मीडियाचा शेवट याहून कठोर आहे. तिने जेसनसाठी पितृगृह सोडले, परंतु परक्या भूमीत ती परकीच राहिली. युरिपिडीसच्या इसवी सनपूर्व ४३१ मधील शोकांतिकेचा प्रारंभच जेसनने तिचा त्याग केल्यानंतर होतो.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथेतील पात्रांची सात कार्यक्षेत्रे सांगितली. त्यांच्या मांडणीत साहाय्यक, जादुई वस्तू देणारा दाता आणि राजकन्या ही वेगवेगळी क्षेत्रे आहेत. खलनायककन्या ही या तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी वावरते. ती किल्ली देते, वाट दाखवते आणि पारितोषिकही तीच असते. शिवाय तिचा पिताच खलनायक असल्याने कथेतील संघर्ष तिच्या घरातच घडतो. इतकी कार्ये एकाच पात्राकडे आल्यामुळे कथनाला काटकसर साधते. दर आठवड्याला नायकाला संकटात टाकून पुढील आठवड्यात सोडवू पाहणाऱ्या मालिकालेखकाला असे पात्र किती सोयीचे असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

फू मांचू मालिकेतील तीन स्त्रिया

फू मांचूची पहिली कथा १९१२ मध्ये आणि पहिली कादंबरी १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटिश अधिकारी नेलँड स्मिथ आणि त्याचा मित्र डॉ. पेट्री हे या मालिकेचे नायक आहेत. गोऱ्या जगावर पूर्वेकडून येणारे संकट, म्हणजे तत्कालीन परिभाषेत ‘पीत संकट’, हा मालिकेचा पाया आहे. १९०० च्या बॉक्सर उठावानंतर ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत चिनी माणसाविषयी जी भीती पसरली होती, तिला रोमर यांनी एका व्यक्तीचे रूप दिले. फू मांचू क्रूर आहे तो एखाद्या अन्यायामुळे नव्हे. त्याचे क्रौर्य त्याच्या वंशाचा परिपाक म्हणून रंगवले जाते.

या मालिकेतील तीन स्त्रिया एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे लेखकाचे गृहीत स्पष्ट होते. पहिली कारामाने. ती फू मांचूची गुलाम आहे. तिचा भाऊ अझीझ याला त्याने ओलीस ठेवले असल्याने ती त्याच्या आज्ञा पाळते. परंतु पेट्रीवरील प्रेमामुळे ती पुनःपुन्हा नायकांचे प्राण वाचवते आणि शेवटी त्याची पत्नी होते. म्हणजे पूर्वेकडील स्त्रीशी विवाह ही गोष्ट रोमर यांना सर्वस्वी निषिद्ध वाटत नव्हती. कारामाने दुष्टाच्या ताब्यात आहे, दुष्टाच्या रक्ताची नाही. एवढ्या भेदावर तिचा उद्धार शक्य होतो.

दुसरी फ्लरेट. १९३३ च्या ‘द ब्राइड ऑफ फू मांचू’ या कादंबरीतील ही तरुणी लहानपणापासून फू मांचूच्या देखरेखीखाली, त्याची भावी वधू म्हणून वाढवलेली आहे. तिचे शिक्षण आणि शिस्त ही सर्व त्याचीच निर्मिती होय. तथापि ती पेट्री आणि कारामाने यांची पळवून नेलेली मुलगी असल्याचे उघड होते आणि तिला तिच्या माणसांत परत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. संगोपन शत्रूचे आणि रक्त नायकपक्षाचे असा हा प्रयोग आहे. त्यात विजय रक्ताचा होतो.

तिसरी फाह लो सुई. १९१७ च्या ‘द सी-फॅन मिस्टरीज’ या तिसऱ्या पुस्तकात ती निनावी, अल्पवयीन मुलगी म्हणून ओझरती दिसते. १९३० मध्ये ‘कॉलियर्स’मध्ये क्रमशः आलेल्या आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘डॉटर ऑफ फू मांचू’ या कादंबरीत ती प्रमुख पात्र होते. पिता निवृत्त झाला आहे आणि सी-फॅन ही गुप्त संघटना विस्कळीत झाली आहे, अशा वेळी ती मादाम इंगोमार या नावाने वावरते आणि संघटनेची सूत्रे स्वतःच्या हाती घेऊ पाहते. निवेदक शान ग्रेव्हिल याच्याविषयी तिला आकर्षण आहे. तिला आवरण्यासाठी शेवटी स्वतः फू मांचूला निवृत्तीतून बाहेर यावे लागते. मुलीच्या महत्त्वाकांक्षेविरुद्ध नायक आणि खलनायक काही काळ एकाच बाजूला येतात, ही या कादंबरीतील सर्वाधिक अर्थपूर्ण घटना आहे. फू मांचू आणि नेलँड स्मिथ यांच्यात परस्परांविषयी आदर असू शकतो. तिच्याविषयी दोघांनाही केवळ धास्ती आहे.

१९३४ च्या ‘द ट्रेल ऑफ फू मांचू’मध्ये नेलँड स्मिथविषयीचे तिचे प्रेम उघड होते. कथेने येथे स्वतःच्या गृहीताला धक्का दिला आहे. दुष्टपणा जर रक्तात असेल, तर फू मांचूच्या रक्ताची मुलगी त्याच्या कट्टर शत्रूवर प्रेम कशी करू शकते? आणि ती करू शकत असेल, तर पित्याचे क्रौर्य तरी वंशजन्य कसे? या प्रश्नाचे उत्तर मालिकेने दिले नाही. १९३९ च्या ‘द ड्रम्स ऑफ फू मांचू’मध्ये ती कोरेयानी या नावाने पुन्हा दिसते, तेव्हा पित्याने तिची स्मृती पुसून टाकलेली असते. जिच्या निवडीने कथेचा पाया हलतो, तिची निवड करण्याची क्षमताच काढून घेतली जाते. कथानकात ही शिक्षा पिता देतो. कथनाच्या पातळीवर ती लेखकाची सोय आहे. पुढे मालिकेत तिला स्मृती परत मिळते, परंतु कादंबरीचे शीर्षक पुन्हा कधी तिच्यावरून दिले गेले नाही.

पडद्यावरील कन्या

१९३१ मध्येच पॅरामाउंट कंपनीने ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ हा चित्रपट काढला. त्यातील लिंग मॉय ही नर्तकी फू मांचूची मुलगी असून ही गोष्ट तिला प्रौढपणीच कळते. मरणोन्मुख पिता पुत्र नसल्याची खंत व्यक्त करतो, तेव्हा ती त्याचा पुत्र होऊन सूड घेण्याची शपथ वाहते. ज्याला मारायचे त्या रोनाल्ड पेट्रीकडे मात्र तिचे मन ओढ घेते. जन्माचे सत्य कळण्यापूर्वी ती एक स्वतंत्र कलावती असते. ते कळताच वारशाचा भार तिच्यावर येतो. शेवटी तिच्यावर प्रेम करणारा चिनी गुप्तहेर आह की याच्या गोळीने ती मरते. रोनाल्डचा जीव वाचतो आणि त्यांच्या प्रेमाचा प्रश्न कायमचा मिटतो.

लिंग मॉयची भूमिका ॲना मे वाँग यांनी केली. १९०५ मध्ये लॉस एंजेलिस येथे जन्मलेल्या या अभिनेत्रीला चित्रपटासाठी ६,००० डॉलर मिळाले, तर आरंभीच्या भागातच दिसणारे फू मांचूच्या भूमिकेतील स्वीडिश वंशाचे वॉर्नर ओलँड यांना १२,००० डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी ‘द मास्क ऑफ फू मांचू’ या चित्रपटात मुलीची भूमिका मायर्ना लॉय या गोऱ्या अभिनेत्रीने रंगभूषेच्या साहाय्याने वठवली. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये सोशिक चिनी शेतकरी पत्नीची मुख्य भूमिका लुईझ रायनर यांच्याकडे गेली, वाँग यांच्यापुढे लोटस या खलप्रवृत्तीच्या दुय्यम स्त्रीची भूमिका ठेवण्यात आली आणि त्यांनी ती नाकारली. खलनायककन्येचा साचा केवळ कागदावर राहिला नव्हता. चिनी वंशाच्या प्रत्यक्ष स्त्रीला कोणत्या भूमिका मिळाव्यात, हेही तो ठरवत होता.

या साच्याला कायद्याचीही पार्श्वभूमी होती. अमेरिकेत १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांच्या प्रवेशावर व्यवहारतः बंदी आणली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश रोखला आणि तो १९४३ पर्यंत रद्द झाला नाही. कॅलिफोर्नियात आंतरवंशीय विवाहावरील बंदी १९४८ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. लिंग मॉय आणि रोनाल्ड यांचा विवाह पडद्यावर का होऊ शकला नाही, याचे उत्तर शोधताना केवळ कथानक पाहून चालत नाही.

ऑरा आणि तालिया : दोन वेगळे मार्ग

स्मृतिनाश किंवा मृत्यू याखेरीज आणखीही मार्ग या साहित्याने योजले. अ‍ॅलेक्स रेमंड यांची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रमालिका ७ जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागली. मोंगो ग्रहाचा जुलमी सम्राट मिंग आणि त्याची कन्या ऑरा ही पात्रे फू मांचूच्या घराण्याचीच अंतराळातील आवृत्ती आहे. चिनी राजवंशाचे नाव धारण केलेल्या सम्राटाचे चित्रणही त्याला साजेसे आहे. ऑरा फ्लॅशवर अनुरक्त होऊन त्याला पित्याच्या हातून वाचवते. परंतु फ्लॅशची जोडी पृथ्वीवरच्या डेल आर्डनशी आधीच ठरलेली असल्याने ऑराचा विवाह अखेरीस मोंगोवरील अरण्यप्रदेशाचा राजा बारिन याच्याशी होतो. ऑराचे हृदयपरिवर्तन मान्य केले जाते, मात्र त्याचे फळ तिला तिच्याच ग्रहावर दिले जाते. नायकाला तिच्या साहाय्याचा लाभ होतो, आणि नायकाच्या घराचा उंबरठा मात्र तिच्यासाठी बंदच राहतो.

१९७१ मध्ये डेनिस ओनील आणि चित्रकार बॉब ब्राउन यांनी बॅटमॅनच्या कथांत तालिया अल गुल हे पात्र आणले. तिचा पिता राज अल गुल याला बॅटमॅन हा जावई आणि वारस म्हणून हवा आहे. त्यामुळे पिता आणि प्रियकर यांपैकी एकाची निवड करण्याचा जुना पेच येथे उलटा होतो; पित्याचीच इच्छा असल्याने प्रेम करणे म्हणजे पितृद्रोह ठरत नाही. पण यामुळे तालिया अधिक मुक्त होते असे म्हणता येत नाही. पित्याच्या साम्राज्याची वारस ती स्वतः का नसावी, हा प्रश्न राज अल गुलला पडत नाही. ती वारसा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे नेणारे साधन ठरते. २००६ पासून कथांत वावरू लागलेला तिचा मुलगा डेमियन पुढे बॅटमॅनच्या बाजूला येतो. रक्त मोठे की संस्कार, ही कसोटी आता नातवाची लागते आणि त्यात तो उत्तीर्ण होतो.

पुत्राला मिळणारी ही सवलत फू मांचूच्या घरातही दिसते. १९७३ मध्ये मार्व्हल कंपनीने फू मांचूचा मुलगा म्हणून शांग-ची हे नवे पात्र निर्माण केले. पित्याचे खरे रूप कळताच तो त्याचा त्याग करतो आणि नायकपदी पोहोचतो. त्याच कथांत फाह लो सुईदेखील पित्याविरुद्ध उभी राहते. तिचे बंड मात्र कारस्थान म्हणून रंगवले जाते. पित्याला नाकारणारा मुलगा सद्गुणी आणि पित्याला नाकारणारी मुलगी सत्तालोलुप, असा हा दुहेरी न्याय आहे.

देवयानीचा दाखला

मराठी वाचकाला या कथाबीजाशी सर्वांत जवळची वाटणारी कथा महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीची आहे. असुरांचे गुरू शुक्राचार्य हे खलनायक नव्हेत. तरीही देवांच्या दृष्टीने संजीवनी विद्या ही शत्रूच्या घरातील वस्तू आहे. ती आणण्यासाठी कचाला पाठवताना देव त्याला देवयानीला प्रसन्न करून घेण्याचा सल्ला देतात. शत्रुकन्येचे प्रेम हे नायकपक्षाचे साधन असते, ही गोष्ट पल्प कथा झाकून ठेवते; आदिपर्व ती उघडपणे सांगते. असुर कचाला तीनदा मारतात आणि तिन्ही वेळा देवयानीच्या आग्रहामुळे तो जिवंत होतो. विद्या मिळाल्यावर तो तिचा स्वीकार करत नाही. गुरुकन्या, शिवाय गुरूच्या उदरातून पुनर्जन्म झाल्यामुळे भगिनी, असे कारण तो देतो.

येथपर्यंत देवयानीची गती फाह लो सुईहून निराळी नाही. भेद पुढे आहे. देवयानी शाप देते, आणि कचाला मिळालेली विद्या त्याच्या स्वतःच्या हातून फळत नाही. कचही उलट शाप देतो, हे खरे. तरी जिचा उपयोग करून घेतला तिच्या शब्दाला येथे परिणाम आहे. नायकपक्षाच्या विजयातून काही वजा करण्याचा अधिकार तिला कथेने दिला आहे.

मराठी साहित्याने हा अधिकार अधिक विस्तारला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) या नाटकात ही कथा रंगभूमीवर आली. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति आणि शर्मिष्ठा यांच्याबरोबर देवयानीही स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ती वाचकाला प्रिय होतेच असे नाही. परंतु तिचा अहंकार आणि तिची जखम तिच्याच तोंडून कळते. याउलट, फू मांचू मालिकेतील बहुतेक कादंबऱ्यांचे निवेदक पेट्री, ग्रेव्हिल, स्टर्लिंग, केरिगन असे गोरे पुरुष आहेत. फाह लो सुई त्यांना जशी दिसते तशीच वाचकाला दिसते. तिचे प्रेम खरे की डाव, हा प्रश्न निवेदकापाशीच अडकून राहतो, कारण तिला ‘मी’ म्हणण्याची संधी कोठेही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. साहसकथेत नायक सद्गुणी आणि खलनायक दुष्ट असणे हे आरंभीच निश्चित झालेले असते. त्यांना काही ठरवावे लागत नाही. नैतिक अर्थाने खरी निवड करावी लागते ती खलनायकाच्या मुलीला. या दृष्टीने ती या प्रकारातील सर्वांत मानवी पात्र ठरते. परंतु वंशवादी गृहीतावर रचलेल्या कथेला ही निवड परवडत नाही. मुलगी बदलू शकते हे एकदा मान्य केले, की पित्याचे क्रौर्य रक्तजन्य आहे हा दावा टिकत नाही. म्हणून कथा तिचे साहाय्य घेते आणि नंतर मृत्यू, स्मृतिनाश किंवा अन्यत्र विवाह यांपैकी एका मार्गाने तिला बाजूला करते. तिला मोहिनी किंवा दुय्यम पात्र म्हणून सोडून देणारी समीक्षाही नकळत हेच काम पुढे चालवते.

२०२१ च्या ‘शांग-ची अँड द लेजंड ऑफ द टेन रिंग्ज’ या चित्रपटात फू मांचूचे नाव वगळण्यात आले असून पित्याच्या जागी वेनवू हे पात्र आहे. मुलाला युद्धशास्त्र शिकवणारा हा पिता मुलीला, शियालिंगला, शिक्षणापासून दूर ठेवतो. ती पाहून पाहून ते स्वतः आत्मसात करते. चित्रपटाच्या अखेरीस संघटना मोडीत काढण्याऐवजी ती तिची प्रमुख होते आणि तेथे स्त्रियाही शिक्षण घेताना दिसतात. ती पुढे काय करील, हे चित्रपट सांगत नाही. १९३१ च्या कादंबरीत संघटनेची सूत्रे हाती घेऊ पाहणाऱ्या मुलीला रोखण्यासाठी पिता आणि शत्रू दोघांनाही उठावे लागले होते. येथे तिला रोखायला कोणी येत नाही. खलनायककन्या पित्याच्या आसनावर बसली म्हणजे ती आपोआप खलनायिका ठरते का, हा प्रश्न वाचकापुढे आणि समीक्षेपुढेही प्रथमच पूर्णपणे खुला झाला आहे.